नव्या गाडीवरचं कापड

"डबा आत न्यायचा नाही," दारावरचा माणूस म्हणाला.

सुकुमारनं डबा आणखी घट्ट धरला. "अहो, दशमी आणि मेथीची भाजी हाय. बॉम्ब न्हाई."

"काहीही असू दे काका. इथे टेबलावर ठेवा, नाव सांगा. खायचं असेल तेव्हा बाहेर या, मनगटावरचा पट्टा दाखवा, परत आत जा."

सुकुमारनं माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं. शो साडेपाचचा होता आणि सव्वापाच वाजले होते. कोल्हापुरातून पहाटे निघून, पुण्यात दोन रिक्षा बदलून इथवर यायचं आणि मेथीच्या भाजीपायी दारात अडायचं, हे मला सोसणारं नव्हतं.

"ठेव की लेका," मी म्हणालो. "कोण चोरतंय तुझी मेथी?"

"चोरायचं न्हाई रे. सूर्य बुडायच्या आत खायला पायजे."

हे मला ठाऊकच होतं. सुकुमार मगदूम जैनांचा. त्याच्या घरी दिवस मावळला की चूल बंद. घराबाहेर पडल्यावर बरेच जण थोडं इकडंतिकडं करतात, पण यानं आईला शब्द दिलेला. कोइमतूरला रेस बघायला गेलो तरी सहा वाजले की हा पठ्ठ्या स्टँडमागं जाऊन पश्चिमेकडं तोंड करून दशमी खाणार. मी त्याला चिडवायचो, "सूर्याला सांगून ये, जरा थांब म्हणावं, शेवटची लॅप हाय." तो हसायचा. त्याला कशाचाच राग यायचा नाही. मला मात्र त्याच्या याच गोष्टीचा राग यायचा.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी उद्यमनगरात लेथवर होतो आणि सुकुमार शेजारच्या फाउंड्रीत स्टोअरकीपर. आम्ही दोघंही रणधीर इंगवलेचे चाहते. रणधीर आमच्या कोल्हापूरचा, एकट्या माणसाची, उघड्या चार चाकांची रेसिंगची गाडी चालवणारा. पण आम्ही दोघं चाहते, असं एका दमात म्हणताना तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. मी नऊ वर्षांचा चाहता होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला सासरी ठेवून चेन्नईला रेस बघायला गेलेला. प्रत्येक रेसला गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ठरलेल्या वळणावर बसणारा. आणि सुकुमार? दोन वर्षांपूर्वी माझा नेहमीचा जोडीदार आयत्या वेळी आला नाही, तिकीट वाया जाईल म्हणून मी याला ओढून नेलं. पहिल्या रेसला हा कानात कापसाचे बोळे घालून बसला होता. "एवढा आवाज कशाला करतात रे?" असं विचारत होता.

आणि गेल्या हंगामात चेन्नईला रेस झाल्यावर रणधीर जाळीजवळ आला, शंभर हात पुढं झाले, त्यात माझाही होता. रणधीरनं डोक्यावरची टोपी काढली आणि दिली कुणाला, तर सुकुमारला! याचा हात पुढंसुद्धा नव्हता. हा आपला मागं उभा राहून हसत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"घे, तुझीच हाय ही," तो मला टोपी देत म्हणाला होता.

"मला नको उष्टी टोपी," मी म्हणालो होतो. नंतर कोल्हापूर येईपर्यंत गाडीत एक शब्द बोललो नाही. त्यानं मला दोनदा चहा आणून दिला.

आता या हंगामाचा हा उद्घाटनाचा शो. रणधीरच्या टीमनं पेपरात जाहिरात दिलेली, की नव्या गाडीवरचं कापड यंदा कुणा पुढाऱ्याच्या नाही, चाहत्याच्या हातून ओढवून घेणार. तो मान कुणाला द्यावा आणि का, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मी अकरा कार्डं पाठवली. कुठली रेस, कुठलं वळण, कुठल्या लॅपला किती वेळ, सगळं बारीक अक्षरात. बाराव्या कार्डाला लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते सुकुमारला दिलं. "टाक तूपण एक," म्हणालो. म्हटलं, तेवढीच गंमत. पाठवणाऱ्यांतल्या दोनशे जणांना शोचे पास आले. आम्हा दोघांनाही आले. कापड कोण ओढणार ते शोमध्येच सांगणार होते.

मला नोकरी, घर, बढती यातलं काही नको होतं त्या दिवशी. ते कापड माझ्या हातात यावं आणि रणधीरनं मला नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं. नऊ वर्षांत त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं.

आत गेलो. हॉल गच्च भरलेला, पासवाले दोनशे आणि बाकी प्रायोजकांची माणसं. स्टेजवर लाल कापडाखाली गाडी, तिच्या चाकांखाली चार लिंबं, शेजारी नारळ आणि उदबत्ती. मागं भिंतीएवढा पडदा, त्यावर रणधीरच्या जुन्या रेसा चालू. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या जागा तिसऱ्या ओळीत होत्या. सी-चौदा सुकुमारची, सी-पंधरा माझी. पंधरावरून बघितलं तर नेमका खांब आडवा.

"तुला काय, कुठनंही चालतंय," मी म्हणालो. "सरक इकडं."

"बस की," म्हणत तो लगेच उठला. मी चौदावर बसलो. त्याच्यासमोर खांब. तो मान वाकडी करून बघत राहिला आणि दर दोन मिनिटांनी मला विचारत राहिला, "तो कापडाखालचा मागचा पंख यंदा मोठा केलाय काय रे?" मी उत्तरं दिली, पण तुसडेपणानं.

शो साडेपाचला सुरू व्हायचा तो सहाला झाला. दिवे, धूर, नाच, प्रायोजकांची भाषणं. सव्वासहा वाजले तशी सुकुमारची चुळबूळ सुरू झाली.

"जयवंता, मी खाऊन आलो. दहा मिनटं."

"आता? आता नाव सांगतील की मर्दा!"

"तुझंच सांगणार हैत. मी येईपर्यंत तू स्टेजवर असशील बघ," तो म्हणाला आणि वाकून, लोकांचे पाय चुकवत बाहेर गेला.

त्याला जाऊन पाच मिनिटं झाली असतील. निवेदक पुढं आला. पुण्याचा असावा, शब्द अगदी घासूनपुसून. "चार हजारांहून अधिक पत्रं आली. त्यांतून रणधीर यांनी स्वतः एक निवडलं. आणि ते पत्र आहे कोल्हापूरचं!"

मी उभाच राहिलो. खरंच. नाव घेण्याआधीच.

"श्री. सुकुमार मगदूम!"

टाळ्या पडल्या. मला त्या लांबून आल्यासारख्या वाटल्या. अकरा कार्डं माझी, एक त्याचं. तेही मीच दिलेलं, उरलेलं. टोपी त्याला, आता कापडही त्याला. ज्याला कापड कसलं आणि गाडी कसली याचं सोयरसुतक नाही, जो आत्ता बाहेर बाकावर बसून मेथी खातोय, त्याला!

हातात वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी ओळीतून धावत आली. तिच्या हातात कागद होता. "सी-चौदा. मगदूम सर? तुम्हीच ना?"

मी सांगणार होतो. तो बाहेर गेलाय, दोन मिनिटं थांबा, एवढंच सांगायचं होतं. मी उभा राहिलेलो होतो, सगळे माझ्याकडं बघत होते, कॅमेरा माझ्यावर आला होता आणि भिंतीएवढ्या पडद्यावर माझं तोंड दिसत होतं.

"हो," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला आणि मी निघालो. स्टेजच्या पायऱ्या चढताना मनाची समजूत घालत होतो, की त्याला काय फरक पडतोय, त्याला सांगितलं तर तोच म्हणेल तू जा म्हणून. हे खरंही होतं. त्यामुळंच आणखी चीड येत होती.

रणधीर इंगवले समोर आला. लाल पोशाख, कपाळाला गंध. त्यानं मला मिठी मारली. नऊ वर्षं ज्या माणसाला जाळीपलीकडून बघितलं तो मला धरून उभा होता आणि माझ्या कानाशी म्हणत होता, "या मगदूम, या!"

पडद्यावर माझ्या तोंडाखाली मोठ्या अक्षरांत आलं, सुकुमार मगदूम, कोल्हापूर.

"हे कार्ड मी वाचून दाखवणार," रणधीर माइकवर म्हणाला. "चार हजार लोकांनी लिहिलं, मला बोलवा. या एकट्या माणसानं काय लिहिलंय ते ऐका."

त्यानं खिशातून पोस्टकार्ड काढलं. सुकुमारचं अक्षर मी लांबून ओळखलं. स्टोअरच्या पावतीवर असतं तसं, गोल आणि सुटंसुटं.

"'नमस्कार. मला रेसिंगमधलं काही कळत नाही. जे थोडं कळतं ते माझ्या मित्रानं शिकवलं. त्याचं नाव जयवंत लोहार, उद्यमनगर. नऊ वर्षांत त्यानं तुमची एकही रेस चुकवलेली नाही. तुम्ही हरलात की तो दोन दिवस नीट जेवत नाही आणि लेथवर कुणाशी बोलत नाही. त्यानंही तुम्हाला कार्डं पाठवली आहेत, पण त्यात तो नुसते आकडे लिहितो, स्वतःबद्दल काही लिहीत नाही. म्हणून मी लिहितोय. कापड त्याच्या हातून ओढवून घ्या. मला बोलावलंत तर येईन, पण मी नुसता शेजारी उभा राहीन.'"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की स्टेजच्या फळ्या हादरल्या. पुढच्या ओळीतली एक बाई डोळे पुसत होती. रणधीरनं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"मगदूम," तो म्हणाला, "लई मोठ्या मनाचा माणूस हैस बघ तू."

मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

"आणि कुठं हाय तुझा जयवंत? आलाय नव्हं?"

माझं नाव. रणधीर इंगवलेच्या तोंडून, माइकवर, हजार माणसांसमोर. आणि मला 'मीच तो' म्हणता येत नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या वेळी सगळं कबूल करायला हवं होतं. तोंड उघडलंही मी.

"बाहेर गेलाय," मी कसंबसं म्हणालो. "जेवायला."

हॉलमध्ये हशा पिकला. "दोन दिवस न जेवणारा तो हाच का?" निवेदक म्हणाला. पुन्हा हशा.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "आलो, आलो!"

सुकुमार दारात उभा होता. हात ओले, ते विजारीला पुसत. कार्ड त्यानं बाहेरच्या कर्ण्यावर ऐकलं असणार. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं. माझं तोंड आणि खाली त्याचं नाव. मी जन्मात कुणाच्या नजरेला एवढा भ्यालो नव्हतो. आता हा बोट दाखवणार, आता म्हणणार, 'मगदूम मी हाय.' त्यानं तसं केलं असतं तर त्याचं चुकलं नसतं.

तो मधल्या वाटेनं चालत आला. पायऱ्या चढला. रणधीरला नमस्कार केला.

"जयवंत लोहार," तो म्हणाला. "उद्यमनगर."

माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बहुधा मला संकोच वाटू नये म्हणून. मला मात्र सुटल्यासारखं वाटायच्या आधी पुन्हा तीच चीड आली. आता माझं नावपण यालाच!

"ये जयवंता," रणधीरनं त्याला जवळ घेतलं. "नऊ वर्षं बघालाईस म्हणं. मग सांग बघू, गेल्या हंगामात आपण कुठं हरलो?"

मला आतून गुदगुल्या झाल्या. आता पडला तोंडघशी, म्हटलं. कानात बोळे घालणाऱ्याला काय सांगता येणार?

सुकुमारनं घसा खाकरला. "कोइमतूर, शेवटची रेस. तिसऱ्या वळणाला तुम्ही ब्रेक लवकर दाबता. पाऊस झालेल्या दिवशी ते बरोबर हाय, पण तुमची सवयच झालीय. अकराव्या लॅपला तुम्हाला दहाव्यापेक्षा सहा दशांश सेकंद जास्त लागले. फक्त तिथं. मागचा तिथंच पुढं गेला."

हे माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझा. कोइमतूरहून येताना, नंतर चहाच्या टपरीवर, लेथ पुसताना, शंभर वेळा मी हे बोललो होतो. प्रत्येक वेळी तो नुसता 'हं, हं' करायचा. मला वाटायचं, याच्या डोक्यावरून जातंय.

रणधीरनं मांडीवर थाप मारली. मग मोठ्यांदा हसला. "दशांशाचं मला काय आठवत न्हाई बाबा, पण ब्रेकचं खरं हाय! आमचा इंजिनिअर वर्षभर हेच बोंबलतोय." खाली बसलेल्या कुणीतरी शिट्टी मारली. "याच्यापुढं आपण काय बोलणार? चल, ओढ कापड."

सुकुमार गाडीपाशी गेला. त्यानं लाल कापडाचं एक टोक हातात घेतलं, दुसरं टोक उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"धर की तूपण," तो म्हणाला.

मला फक्त हात पुढं करायचा होता. ते कापड माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. नऊ वर्षं. पण ते त्याच्या हातातून येत होतं.

"नको," मी म्हणालो. "मान तुझा."

लोकांना तेही मोठ्या मनाचं वाटलं. मग सुकुमारनं एकट्यानं कापड ओढलं. जरा तिरकं ओढलं, ते मागच्या पंखाला अडकलं, त्यानं सोडवलं. खाली गाडी होती. लाल आणि काळी, नाकावर सात नंबर. हजार लोक ओरडत होते. ती गाडी पहिल्यांदा बघायला मी वर्षभर झुरलो होतो आणि मी बघत होतो सुकुमारकडं. तो गाडीकडं बघून लहान पोरासारखा हसत होता.

शो संपला. बाहेर अंधारलं होतं. सुकुमारनं टेबलावरून रिकामा डबा घेतला, पिशवीत टाकला. आम्ही रिक्षा शोधत फाटकापर्यंत चालत गेलो. तो काय म्हणेल याची मी वाट बघत होतो. म्हटलं, चार शिव्या दे, एक कानाखाली मार, म्हणजे मलाही तुझ्यावर ओरडता येईल.

"त्या पोरीनं हात धरून नेला असंल," तो म्हणाला. "गडबडीत तुला सांगायला जमलं नसंल."

"हो," मी म्हणालो. त्या संध्याकाळचं माझं दुसरं 'हो'.

"माझंच चुकलं. त्या वक्ताला जायलाच नको होतं." तो थोडं पुढं चालला. मग एकदम थांबला. फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात मला त्याचा चेहरा नीट दिसला. परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोराचा असतो तसा.

"जयवंता, एक सांग. आकडा बरोबर सांगितला नव्हं मी? तुझं नाव घेऊन बोलत होतो, म्हणून धाकधूक होती रे. सहाच ना?"

त्याच्या पाया पडायची वेळ माझी होती आणि हा मला असं विचारत होता. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, मला राग आला. या माणसाकडं असं काहीच नव्हतं का, जे माझ्यापेक्षा कमी असेल?

"सात," मी म्हणालो. "सात दशांश. सहा न्हवं."

त्यानं जीभ चावली. कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा! एवढ्या माणसांत तुझं नाव घालवलं बघ मी."

"जाऊ दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कापड ओढणारा सुकुमार आणि खाली माझं नाव. पेपरवाल्यांचा घोटाळा, असं उद्यमनगरात त्यानंच सगळ्यांना सांगितलं. रेसला त्यानंतरही आम्ही जोडीनं जात राहिलो, रणधीर निवृत्त होईपर्यंत. भांडण कधीच झालं नाही. तो भांडलाच नाही.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. जेवणं उरकत आली होती, मी पंक्तीत जिलेबी वाढत फिरत होतो. सुकुमार नव्या जावयाशेजारी बसला होता. केस पांढरे झालेत त्याचे आता.

"तुमचे सासरे म्हणजे लई जाणकार माणूस," तो जावयाला सांगत होता. "एक दशांशसुद्धा इकडचा तिकडं चालायचा न्हाई. मी एकदा भर स्टेजवर त्यांचा आकडा चुकवला होता. सातचा सहा सांगितला. अजून झोपताना आठवतंय मला." मग मान वर करून माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय की न्हाई रे?"

मी त्याच्या पानात दोन जिलेब्या जास्त वाढल्या.

सहाच होते.